आग हवी, हिशेब नको

आमच्या गावात नाताळाच्या आधी मैदानावर मंडप पडतो. तीन रात्रींची 'महासंजीवन सभा'. फ्लेक्सवर कोट घातलेल्या वक्त्यांचे फोटो, त्याखाली मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांचे लहान फोटो, आणि अगदी खाली 'भोजनाची व्यवस्था केली आहे' ही ओळ. मागे एकदा शेजारच्या काकूंनी तो फ्लेक्स वाचून मला विचारलं, "आळंदीचं काही आहे का गं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. मराठी माणसाच्या कानावर 'संजीवन' पडलं की पुढे 'समाधी' आपोआप येते. तो शब्द 'रिव्हायव्हल'साठी आम्ही ख्रिस्ती लोकांनी धरला. मी म्हटलं, "नाही काकू, आमच्यातलं जे मेलंय ते पुन्हा जिवंत व्हावं म्हणून सभा आहे." त्या म्हणाल्या, "काय मेलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. सभेतही ते कुणी देत नाही. तिथे नुसतं 'प्रभू, संजीवन पाठव' असतं. खाजगीत विचारलं तर मात्र उत्तर तयार असतं: बाकं रिकामी पडली. पोरं पुण्याला गेली, ती तिकडे कुठल्या मंडळीत जातात की नाही कोण जाणे. संध्याकाळची उपासना बंद झाली. पूर्वी प्रभुभोजनाच्या रविवारी बाहेर सतरंज्या टाकाव्या लागत. थोडक्यात, गर्दी मेली. पण गर्दी हा अध्यात्माचा मापदंड धरायचा तर महाराष्ट्रात आपण कधी जिवंत होतो? २०११ च्या जनगणनेत राज्यातले सगळे ख्रिस्ती मिळून दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही. आपण कायमच मूठभर होतो. त्या मुठीत एके काळी काहीतरी होतं आणि आता नाही, ही हुरहुर मात्र खरी आहे. तिची टिंगल मला करायची नाही, मलाही ती आहे. माझं भांडण एवढंच आहे की आपण ज्या जागृतींच्या आठवणी काढून रडतो, त्या सुरू कशा झाल्या हे सोयीस्कर विसरतो.

मराठी ख्रिस्ती माणूस संजीवनाचं बोलायला लागला की दोन मिनिटांत केडगावला पोचतो. पोचायलाच हवं. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरचं हे गाव. १९०५ च्या जून महिन्यात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदन या आश्रमात जे झालं ते आमच्या घराघरांत सांगितलं जातं. जानेवारीत रमाबाईंनी जागृतीसाठी रोज प्रार्थना करायला मुली बोलावल्या. सत्तरेक आल्या, जूनपर्यंत त्यांचे शेकडे झाले. एकोणतीस तारखेच्या पहाटे एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या. सोबतची बाई पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की पोर जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या (पहिला दगड कुणी मारायचा, ही गोष्ट ज्यात आहे तोच) आणि समोरच्या मुली एकदम रडायला, मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या. धडा तिथेच राहिला.

माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे बायकांना बायबल वाचून दाखवणारी, शिकवणारी. तिने ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. पण ती आगीपाशी फार रेंगाळत नसे. म्हणायची, "सगळे त्या आगीचं सांगतात. मला ती बादलीवाली आवडते. पोर पेटली म्हटल्यावर ती बाई गुडघे टेकून बसली नाही, पाणी आणायला पळाली."

आमच्या सभांमधून नेमकी ही बादलीवाली गायब आहे. आणि तिच्यासोबत त्या जूनच्या आधीची दहा वर्षंही. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या, दलालांच्या हाती लागलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे त्यांना शहरात ठेवणं अवघड. मग केडगावच्या उजाड माळावर तंबू-छपरं उभी राहिली. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यांत बायकांची हेळसांड होते म्हणून १८९७ मध्ये रमाबाईंनी वर्तमानपत्रातून सरकारलाच जाब विचारला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून जीभ आवरली नाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. विहिरी खणल्या गेल्या. शेती, गाई-म्हशी, माग, तेलघाणा, आंधळ्या मुलींसाठी शाळा, आणि बायकाच खिळे जुळवतात असा छापखाना. आग पडली ती या सगळ्यावर. मोकळ्या मैदानात घातलेल्या मंडपावर नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. त्या दिवसांचा गाभा पापाची कबुली हा होता. रडणं त्यातून आलं. आनंद, गाणी, टाळ्या त्याच्याही नंतर. आणि कबुली देणाऱ्या कोण होत्या? बालविधवा, दुष्काळातल्या अनाथ पोरी, घरच्यांनी टाकलेल्या. म्हणजे ज्यांच्यावर इतरांनी पाप केलं होतं, त्या स्वतःच्या पापासाठी रडत होत्या. ज्यांनी त्यांना टाकलं, विकलं, उपाशी ठेवलं, त्यांच्यापैकी त्या माळावर कुणी नव्हतं. हे मला दर वेळी टोचतं. कारण आमच्या सभेतही तिसऱ्या रात्री वक्ता 'पुढे या' म्हणतो तेव्हा पुढे येतात त्या धुणंभांडी करणाऱ्या बायका, दारुड्याच्या बायका, नापास झालेली पोरं. व्यासपीठावरच्या खुर्च्यांतून कुणी उठून खाली आलेला मी आजवर पाहिला नाही.

रमाबाईंना स्वतःला हे आतून माहीत होतं. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सरळ लिहितात की त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. ही कबुली त्यांनी दिली तेव्हा त्या जगभर नाव असलेल्या बाई होत्या. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तर त्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधीच दिल्या होत्या. नाव झालेल्या माणसाने 'इतकी वर्षं माझ्यात काही नव्हतं' म्हणायचं, तेही अनुयायी वाचतील अशा छापील पुस्तकात. आमच्यातला एखादा पाळक, एखादा बिशप असं लिहील? मी वाट पाहते आहे.

केडगावची ठिणगी फार लांब गेली. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतल्या वाल्पराइसोला आपल्या मैत्रिणीला पाठवली. तिथे १९०९ मध्ये जी चळवळ उभी राहिली तिच्यातून चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या निघाल्या. दौंड तालुक्यातल्या गावाचा असा हात दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचतो, आणि आपण संजीवन शिकायला वक्ते बाहेरून आणतो. असो.

केडगावच्या आधी काही महिने वेल्समध्ये असंच काही घडलं होतं आणि त्याची बातमी इकडे आली होती. मेघालयातल्या खासी टेकड्यांतल्या मंडळ्या तर वेल्श मिशनऱ्यांच्याच, तिथेही १९०५ मध्येच ती लाट पोचली. वेल्समधल्या लॉहर गावच्या मोराया चॅपलमध्ये १९०४ च्या ऑक्टोबरअखेर इव्हान रॉबर्ट्स नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण बोलायला उभा राहिला. त्याचं आधीचं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. त्याने लोकांपुढे चार अटी ठेवल्या. पहिली अट अशी: माहीत असलेलं एकही पाप कबूल केल्याशिवाय ठेवू नका आणि ज्याचं नुकसान केलं असेल त्याचं भरून द्या. पवित्र आत्मा, आज्ञापालन, जाहीर साक्ष हे सगळं नंतर. त्या हिवाळ्यात लोकांनी जुनी कर्जं फेडली, दुकानदारांची उधारी चुकती केली. खाणीतल्या घोड्यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे: खाणकामगारांनी शिव्या सोडल्या, आणि शिवीशिवाय हुकूम ऐकायची सवय नसलेली ती बिचारी जनावरं जागची हलेनात. गोष्ट थोडी फुगवलेली असेल. पण लोकांनी जागृतीची खूण म्हणून काय लक्षात ठेवलं बघा. दिव्य प्रकाश नाही, भाषा आणि उधारी.

आता त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आमच्या सभांत ती कधीच सांगत नाहीत. एक लाख लोक पालटले असं तेव्हा म्हटलं गेलं. दीडदोन वर्षांत इव्हान रॉबर्ट्स इतका खचला की लोकांसमोरून बाजूला झाला. १९५१ पर्यंत जगला, पण जवळजवळ अज्ञातवासात. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे ४६.५ टक्के निघाले आणि ख्रिस्ती ४३.६ टक्के. कितीतरी चॅपलांची राहती घरं झाली. म्हणजे १९०४ खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. उधारी फिटली ती फिटलीच. पण एका हिवाळ्याची ऊब पुढच्या चार पिढ्यांना पुरत नाही, आणि 'पुन्हा तसंच होऊ दे' या प्रार्थनेत बऱ्याचदा 'आम्हाला वेगळं काही करायला लावू नकोस' हे दडलेलं असतं.

तर आपला हिशेब. कबूल करायचं ठरवलं तर काय काय आहे?

जमीन आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनने गावाबाहेर घेतलेली आवारं आज गावाच्या मध्यात आली आहेत. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, कबरस्थानं. त्यांच्या किमती कोटींत. त्यावरून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि कोर्टात जे दावे चालू आहेत त्यांच्या फायली एकावर एक रचल्या तर कुठल्याही मनोऱ्याशी स्पर्धा करतील. आमच्यातल्या शाळकरी पोराला नव्या करारातली पुस्तकं क्रमाने सांगता येणार नाहीत, पण 'चेंज रिपोर्ट' (विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात द्यायचा अहवाल) म्हणजे काय ते माहीत असतं, कारण रविवारी उपासना सुटल्यावर कडुलिंबाखाली मोठी माणसं त्याबद्दलच बोलतात. पंचांच्या निवडणुकीला पोलीस बोलवावे लागलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्याच पंचमंडळाने त्याच वर्षी संजीवन सभा घेतली आणि तिच्या फ्लेक्सवर दोन्ही गटांचे फोटो होते. तेवढ्यापुरतं एकमत.

जात आहे. ती नाही असं आपण बाहेर सांगतो. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या दुष्काळांच्या काळात वाढल्या, बहुतेक करून महार आणि मांग वस्त्यांतून. तिकडे वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे थर वेगळेच. बाप्तिस्म्याने सगळे एक झाले हे उपदेशात ठीक आहे. लग्नाच्या वेळी मध्यस्थ हळूच म्हणतो, "मुलगा आपल्यातलाच आहे." या 'आपल्यात'ला दीडशे वर्षं झाली, अजून त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. यात एक गाठ अशी आहे की जी केवळ आपली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवलं. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये आत घेतलं, आपल्याला नाही. त्यामुळे पोराची शिष्यवृत्ती वाचवायला बाप दाखल्यावर एक आणि चर्चमध्ये दुसरंच होऊन राहतो. त्या बापाला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मंडळी त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही, त्याची भीती त्याच्या एकट्यावर सोडून देते, आणि वर 'उघड साक्ष द्या' म्हणून व्यासपीठावरून ओरडते. त्या गप्प बसण्याचा हिशेब मंडळीला द्यावा लागेल.

भाषेचं थोडक्यात: आमची तरुण मंडळी कीबोर्डवर हिंदी गाणी म्हणतात, चालीही एकसारख्या. 'उपासना संगीत' या आमच्या गीतसंग्रहातले कवी नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणताना त्यांना अर्थ विचारला तर एकमेकांकडे बघतात. याचं मला वाईट वाटतं, पण पाप म्हणून नाही. हे आम्ही मोठ्यांनीच त्यांना दिलं नाही, एवढंच.

यावर आमचे पाळकसाहेब मला एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही पवित्र आत्म्याला ऑडिटरच्या खुर्चीत बसवता. वारा वाटेल तिकडे वाहतो. माणसाने हिशेब नीट केले म्हणून संजीवन येत नाही, ती कृपा आहे." आक्षेप वजनदार आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. कृपा कमावता येत नाही हे मान्यच. पण बायबलमधल्या जक्कया या श्रीमंत जकातदाराची गोष्ट बघा. येशू आधी त्याच्या घरी गेला, तो आधी सुधारला म्हणून नाही. इथपर्यंत पाळकसाहेब बरोबर. मग जक्कयाने काय केलं? गाणं म्हटलं नाही, हात वर केले नाहीत. उभा राहिला आणि आकडा सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. 'या घराला आज तारण झालं' हे वाक्य त्या आकड्यानंतर येतं. वारा वाटेल तिकडे वाहतो, खरं आहे. पण दारं-खिडक्या लावून, आतून कड्या घालून, 'वारा येऊ दे' म्हणून तीन रात्री ओरडायचं याला काय म्हणायचं?

काहीजण उलट बाजूने येतात. ते म्हणतात, हे सगळं भावनेचं भरतं. शाळा, दवाखाने नीट चालवा, तेवढं पुरे. मला तेही पटत नाही. रमाबाईंनी आधीच विहिरी खणल्या होत्या, छापखाना घातला होता, दोन हजार तोंडांना अन्न मिळत होतं. समाजसेवा म्हणून तिथे काही उणं नव्हतं. तरी त्या बाईने जानेवारीत मुलींना बोलावून सांगितलं की अजून काहीतरी हवं आहे. काम करून थकलेल्या माणसाची ती तहान होती. रिकामं बसलेल्या माणसाची तहान आणि तिची तहान यांना एकच शब्द वापरला जातो ही अडचण आहे.

नारायण वामन टिळकांची तहान तशीच होती. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढची बावीस वर्षं त्यांनी मिशनची नोकरी केली, 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकात लिहिलं, कीर्तनं केली. आणि १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत ही त्यांची कल्पना. मंडळीच्या वहीत नाव नसलेला माणूसही दरबारात चालेल, हे तेव्हाच्या मिशनला झेपणारं नव्हतं, आजच्या पंचमंडळाला तर त्याहून नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार विरला. त्यांनी गर्दी मागितली नव्हती. परदेशी पैशावर उभी असलेली आपली भक्ती त्यांना सलत होती, तर त्यांनी आधी आपलाच पगार बंद केला.

मी संजीवन पाहिलंय का, असं कुणी विचारलं तर एक प्रसंग सांगते. त्याला संजीवन म्हणायचं की नाही ते ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली साध्या रविवारची उपासना. वीज गेलेली, त्यामुळे कीबोर्ड बंद आणि पेटी काढलेली. अर्पणाच्या पिशव्या फिरून झाल्या, सूचना वाचून झाल्या, पाळकसाहेब आशीर्वादासाठी हात वर करणार एवढ्यात मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठले. पूर्वी ते खजिनदार होते. म्हणाले, "घंटेच्या दुरुस्तीचे अकरा हजार माझ्याकडे होते. मुलीच्या लग्नात खर्च झाले. नंतर देईन म्हणालो, दिले नाहीत. तेवीस वर्षं झाली." मग खिशातून मेडिकलच्या दुकानाची पातळ पिशवी काढली, पुढे आले आणि प्रभुभोजनाच्या टेबलावर नोटा मोजायला लागले. बोटांना थुंकी लावून, एकेक. चव्वेचाळीस हजार होते. कुणाला काय करावं कळेना. टाळ्या वाजल्या नाहीत, कुणी हालेलूया म्हटलं नाही. माझ्या शेजारच्या आजीबाई पदराने डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबले.

बाहेर आल्यावर कडुलिंबाखाली एक पंच म्हणाले, "आता हे कशाला उकरून काढलं यांनी? त्या वर्षाचं ऑडिट कधीच झालंय."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत ही रक्कम कुठल्या खात्याला दाखवायची यावर अर्धा तास गेला. घंटा निधी बंद झाला होता. 'देणगी' लिहिलं तर देणगी नव्हती. 'वसुली' लिहिलं तर चौकशी लागेल असं कुणीतरी म्हणालं. शेवटी पावतीवर लिहिलं गेलं: संकीर्ण जमा.